खोदणं सगळ्यांत शेवटी: स्वयंसेवकांना घेऊन पुरातत्त्वाचं काम करायचं असेल तर

रविवारची सकाळ. गडावर चाळीसेक जण जमलेले. पाण्याच्या टाक्यात उतरून घमेल्यांची साखळी लागली आणि अकरा वाजेपर्यंत कमरेएवढा गाळ वर आला. त्या गाळात खापरं होती, कौलांचे तुकडे होते, गंजून फुगलेली एक लोखंडी कडी होती, काचेच्या निळ्या बांगडीचा अर्धा तुकडा होता. सगळं कड्यावरून खाली. कुठली वस्तू किती खोलीवर होती, कशाच्या वर आणि कशाच्या खाली, हे आता कुणालाही सांगता येणार नाही. टाकं मात्र लख्ख झालं, फोटो झाले, पिठलं-भाकरी झाली.

त्या साखळीत चौथ्या नंबरला मी होते. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला. बांगडीचा तुकडा मीच खिशात घातला आणि घरी येईपर्यंत तो कुठंतरी पडलाही.

पुण्यात असल्या कामाला माणसांची वाण नाही. सुट्टीच्या दिवशी घाम गाळायला तयार असलेले लोक प्रत्येक पेठेत, प्रत्येक सोसायटीत सापडतील. कमी आहेत ती त्यांना "थांबा, आधी लिहून घेऊ" म्हणणारी माणसं. श्रमदानाची आपली सवय सफाईची आहे आणि पुरातत्त्वाला हवी असते नोंद. या दोन्हींच्या मध्ये उभं राहून चाळीस उत्साही लोकांचा उत्साह न मोडता त्यांचे हात आवरणं, हाच हा व्यवसाय. तो शिकायचा कसा, ते मी जसं शिकले तसं लिहिते.

या कामाचं नाव आणि गाव

ब्रिटनमध्ये 'कम्युनिटी आर्किऑलॉजिस्ट' ही नोकरीची रीतसर जागा असते. कौन्सिल फॉर ब्रिटिश आर्किऑलॉजी ही तिथली १९४४ पासूनची संस्था. २०११ नंतर काही वर्षं या संस्थेने तिथल्या लॉटरीतून येणाऱ्या वारसा निधीच्या पैशावर तरुण पुरातत्त्वज्ञांना विद्यावेतन देऊन एकेक वर्ष संग्रहालयांत आणि स्थानिक संस्थांत शिकायला बसवलं. शिकायचं काय, तर लोकांबरोबर काम करणं. खोदता त्यांना आधीच येत होतं.

आपल्याकडे या नावाची जाहिरात येत नाही. काम मात्र होतं. मुंबई विद्यापीठाच्या बहिःशाल विभागाने साठ्ये महाविद्यालयाला सोबत घेऊन साष्टी बेटाची जी पाहणी केली, तिच्यात विद्यार्थी आणि हौशी लोक गल्लोगल्ली हिंडून वीरगळ (लढताना मेलेल्या वीरांचे स्मारकदगड), जुनी टाकी, मंदिरांचे सुटे दगड नोंदवत होते. आणि लोक या कामात आज आलेत असंही नाही. १९७४ साली प्रवरेकाठच्या दायमाबादला झाडाचं मूळ खणताना ब्राँझचा हत्ती, गेंडा, रेडा आणि बैलांचा रथ हाकणारा माणूस सापडला, तो एका भिल्ल शेतकऱ्याला. चारही मिळून साठ किलोंहून जास्त वजनाची ही ठेव पुरातत्त्वज्ञांच्या हाती नंतर आली.

शिक्षण: पदवी घ्या, पण तिच्यात काय मागून घ्यायचं ते ठरवून

पुण्यात राहणाऱ्याने सुरुवात येरवड्याच्या डेक्कन कॉलेजपासून करावी. १८२१ च्या संस्कृत पाठशाळेपासून सुरू झालेली ही संस्था १९३९ मध्ये पदव्युत्तर संशोधन संस्था म्हणून नव्याने उघडली. त्याच वर्षी तिथे आलेल्या ह. धी. सांकलियांनी पुरातत्त्वाचा विभाग नावारूपाला आणला. विलायतेत शिकत असताना मॉर्टिमर व्हीलर या इंग्रज पुरातत्त्वज्ञाच्या मेडन कॅसलच्या उत्खननात हात घालून आलेला हा माणूस पुढची कितीतरी वर्षं गोदावरी-प्रवरेच्या, नर्मदेच्या काठांनी फिरत राहिला. नेवासा, जोर्वे, नावडाटोली, इनामगाव या प्राचीन वस्त्यांची नावं या विभागामुळे पुस्तकांत आली.

'प्राचीन भारतीय इतिहास, संस्कृती आणि पुरातत्त्व' या विषयाचं एम.ए. दोन वर्षांचं आहे. कुठल्याही शाखेचा पदवीधर अर्ज करू शकतो, प्रवेश परीक्षा असते. माझ्या बॅचला एक फार्मसीचा होता, दोन इंजिनिअर होते आणि वाणिज्य शाखेची मी. नोकरी सांभाळून चाचपून बघायचं असेल तर एक वर्षाची पदव्युत्तर पदविकाही आहे. टिळक महाराष्ट्र विद्यापीठात भारतीय विद्येचा अभ्यासक्रम आहे. मूर्ती, लेख, धर्मेतिहास यांची पायाभरणी तिथे चांगली होते, पण मातीत हात घालण्याची तहान त्याने भागणार नाही. सरकारी सेवेकडे डोळा असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची ग्रेटर नोएडातली संस्था दोन वर्षांची पदविका देते. अध्यापनासाठी नेट परीक्षेत पुरातत्त्व हा स्वतंत्र विषय आहे, क्रमांक ६७.

आता मागून घेण्याच्या गोष्टी. सगळे विद्यार्थी उत्खननाच्या कॅम्पवर गेले की चरात उतरायला धडपडतात. तुम्ही 'पॉटरी यार्डा'त बसा. तिथे दिवसभर पाट्यांनी खापरं येत असतात. धुणं, वाळवणं, वेगळी करणं, मोजणं, आणि गावातल्या बायाबापड्यांशी बोलत हे सगळं करणं. पुढे तुमचे स्वयंसेवक ऐंशी टक्के वेळ हेच करणार आहेत. दुसरं, खापराचं चित्र काढायला शिका: काठाचा छेद, व्यास, जाडी. तिसरं, क्यूजीआयएस हे फुकटचं नकाशाचं सॉफ्टवेअर. चौथं, भारतीय सर्वेक्षण विभागाचा टोपोशीट, म्हणजे जमिनीचे चढउतार दाखवणारा नकाशा, वाचणं. पुणे शहराचा तक्ता '४७ एफ/१४' आहे; तो हातात धरून एकदा चालून बघा, समोच्च रेषा डोळ्यात उतरतात.

कायदा: कंटाळा येईल, तरी पाठ करा

स्वयंसेवकांचा गट म्हणजे कायदा मोडायला निघालेले चाळीस प्रामाणिक हात, असं आमचे एक सर म्हणायचे. चार गोष्टी पक्क्या असू द्या.

उत्खनन परवान्याशिवाय करायचं नाही, मग शेत तुमच्या मामाचं का असेना. संरक्षित स्मारकाला १९५८ चा केंद्रीय कायदा किंवा १९६० चा राज्याचा कायदा लागू होतो. केंद्राच्या कायद्यात २०१० साली दुरुस्ती झाली. तेव्हापासून केंद्राच्या संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून शंभर मीटर बांधकामाला बंदी आणि त्यापुढचे दोनशे मीटर नियंत्रित. जमिनीत गाडलेलं दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं तर १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. दहा रुपये, आकडा अजून तोच आहे. आणि १९७२ च्या कायद्याने शंभर वर्षांपूर्वीची वस्तू पुरावस्तू ठरते, हस्तलिखितांना पंचाहत्तर वर्षं पुरतात.

गडांच्या बाबतीत घोळ जास्त होतो. २०२५ च्या जुलैमध्ये मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, आणि तेव्हापासून 'आम्हालाही काही करायचंय' म्हणणारे फोन वाढलेत. या बारांतले तीन पुणे जिल्ह्यातले. लोहगड आणि शिवनेरी केंद्राच्या ताब्यात, राजगड राज्याच्या. म्हणजे टाक्यातला गाळ काढायचा अर्ज कुणाकडे द्यायचा, हे गडागणिक बदलतं. 'आम्ही फक्त साफ करतोय' हे उत्तर चालत नाही. गाळ हा थरच असतो.

पृष्ठभागावरचं खापर उचलून पुण्याला आणायचं असेल, तर तुमची संस्था ज्या परवानगीखाली काम करते तिच्यात ते बसतं का बघा. बसत नसेल तर मोजा, फोटो काढा आणि खापर जागच्या जागी ठेवा. काही बिघडत नाही.

डोळा तयार करणं

खेड्यात जाऊन 'पुरातत्त्वीय स्थळ कुठे आहे' असं विचारलंत तर लोक तुम्हाला एसटी स्टँडकडे पाठवतील. 'पांढर कुठं आहे' विचारा. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. हा शब्द खेड्यात आजही जिवंत आहे. शेकडो वर्षांची राख, शेण, पडलेल्या भिंतींची माती साचून जमीन फिकट, भुसभुशीत होते आणि तिचं टेकाड बनतं. हीच माती खत म्हणून शेतात आणि धाब्याच्या घरांवर घालायला लोकांनी गाड्या भरभरून नेली. त्यामुळे अर्धं खाल्लेलं टेकाडच बहुतेक ठिकाणी दिसेल. वाईट वाटून घेऊ नका. जिथून माती कापून नेली तिथे आयता छेद मिळतो, आणि न खोदता थर वाचायचा सराव होतो.

खापरं हातात घेऊनच कळतात. जोर्वे पद्धतीचं, म्हणजे ताम्रपाषाण काळातलं खापर लाल, अंगावर काळ्या रेघांची भौमितिक नक्षी, आणि नखाने टिचकी मारली तर खणखणतं. बाजूला आजच्या माठाचा तुकडा ठेवून त्यालाही टिचकी मारा, फरक कान सांगतो. सातवाहन काळातली काळी-आणि-तांबडी भांडी आत काळी, बाहेर तांबडी. चमकदार लुकण लावलेली, निळी-हिरवी खापरं आली की समजा मध्ययुगाकडे सरकलात. स्वयंसेवकांसाठी अशा तुकड्यांचा एक डबा करा, आणि त्यात मुद्दाम मंगलोरी कौलाचा आणि सिमेंटच्या पाइपचाही तुकडा टाका. पहिल्या दिवशी सगळ्यांत जास्त तेच सापडतात.

दगडी हत्यारांचा ताप वेगळा. दत्तवाडीजवळ मुठेच्या काठच्या थरांत अश्मयुगीन हत्यारं मिळाली आहेत हे सांगितलं, की पुढचा महिनाभर लोक खिसे भरून दगड आणतात. त्यांना एकच खूण शिकवा: माणसाने फटका मारून काढलेल्या छिलक्यावर, फटका बसला त्या जागेखाली छोटासा फुगवटा असतो. तो नसेल तर दगड नदीत परत.

वीरगळ वाचणं सोपं आणि लोकांना आवडणारं. खालून वर चढायचं: खाली लढाई किंवा गाई सोडवणं, मधे अप्सरा वीराला घेऊन चालल्या आहेत, वर तो शिवलिंगाची पूजा करतोय, टोकाला कलश आणि चंद्र-सूर्य. वीरगळावर तारेचा ब्रश, ॲसिड, तेलरंग यांतलं काहीही चालवायचं नाही. शेंदूर लावलेला असेल तर शेंदरासकट फोटो काढा. गाव त्याला म्हसोबा म्हणत असेल तर नोंदीत दोन्ही लिहा, आधी म्हसोबा. भोळ्या भाबड्यांना ज्ञान द्यायला आलोय या थाटात 'हा देव नाही, वीरगळ आहे' असं सांगणारे स्वयंसेवक मला सहन होत नाहीत. पुढच्या वेळी गावात पाणीसुद्धा मिळत नाही, ही व्यवहाराची बाजू वेगळीच.

गाव

पहिल्या फेरीला एकटं किंवा दोघांनी जायचं, कॅमेरा पिशवीत ठेवून. सरपंच, ग्रामसेवक, पोलीस पाटील आणि ज्याचं शेत तो. शेतमालकाचा होकार तोंडी मिळाला तरी गट नंबर विचारून घ्या, सातबारा बघा. बऱ्याचदा शेत तीन भावांचं असतं आणि होकार एकाचा.

घोड नदीच्या काठच्या एका गावात आमची बोलणी अशी झाली:

"कुठनं आल्या, ताई?"

"पुण्याहून. आजोबा, गावाची जुनी पांढर कुठं लागते?"

"ते काय टेकाड. पर आता काय ऱ्हायलं न्हाय तिथं, समदी माती वढली लोकांनी." मग थोडं थांबून, "धन काढायला आला काय?"

या प्रश्नावर हसायचं नाही. आमच्यातला एक जण गमतीत "हो, अर्धं तुम्हाला" म्हणाला आणि दुपारपर्यंत गावभर झालं की पुण्याचे लोक हंडा काढायला आलेत. ते निस्तरायला पुढच्या दोन फेऱ्या गेल्या. शेवटी मी जोर्वेचं एक खापर आजोबांच्या हातात ठेवलं आणि म्हटलं, आम्ही हे शोधतोय. त्यांनी ते उलटंपालटं केलं, टिचकी मारली. मी न सांगता.

"भाजणी झाक हाय," म्हणाले. "आमचा कुंभार असं काढीत न्हाय."

एका वाक्यात त्यांनी मला तंत्रज्ञान सांगितलं. त्यानंतर शेतांची नावं विचारली तेव्हा ती घडाघडा आली: बारवेचं रान, वाड्याची जागा, आणखी कितीतरी. शेतांची नावं आवर्जून गोळा करा. नकाशावर ती मांडली की अर्धी पाहणी घरबसल्या होते.

आणि एक पथ्य. जागेचं नेमकं ठिकाण व्हॉट्सॲपवर टाकायचं नाही, फोटोतलं लोकेशन बंद करायचं. एकदा एका स्वयंसेविकेने हौसेने सगळं टाकलं. पंधरा दिवसांनी गेलो तर टेकाडावर तीन ताजे खड्डे आणि लिंबू.

स्वयंसेवकांचा पहिला दिवस

मोसम आधी. पावसाळ्यात नाही, उसाच्या फडात तर कधीच नाही. बाजरी निघून नांगरट झालेलं रान चांगलं. त्याहून चांगलं म्हणजे उन्हाळी नांगरटीवर वळवाचा एखादा पाऊस पडून गेल्यावरचं. ढेकळं विरघळून खापरं धुतल्यासारखी वर आलेली असतात.

पहाटे साडेपाचला शिवाजीनगरहून निघालात तर नगर रस्त्याची गर्दी चुकवून सातपर्यंत पोचता. आठच्या आत रानात, साडेअकराला बाहेर. दुपारी कोवळ्या उत्साहाने उन्हात उभं राहणाऱ्यांना चक्कर येते आणि त्या दिवसाचं काम तिथेच संपतं. सहा जणांमागे एक जाणता माणूस, याहून जास्त लोक घेऊ नका. मी एकदा तीस जणांवर दोघं होतो. खापरं कमी आणि सेल्फी जास्त आल्या.

निघण्याआधी जवळचं ग्रामीण रुग्णालय कुठे आहे ते बघा, फोन नंबर प्रत्येकाकडे द्या. घोट्याच्या वर येणारे बूट सक्तीचे. दगडांच्या राशीत फुरसं असतं. लेण्यांत आणि गडांच्या कड्यांवर आग्यामोहोळं असतात, म्हणून अत्तर नाही, धूर नाही, आरडाओरडा नाही. आणि बायकांसाठी संडासाची सोय कुणाच्या घरी आहे हे आदल्या फेरीत ठरवून या. हे कुठल्याही पाठ्यपुस्तकात नसतं, आणि याच्यामुळे माझ्या माहितीतल्या कितीतरी जणी दुसऱ्यांदा आल्या नाहीत.

रानात गेल्यावर दहा-दहा मीटरचे चौकोन दोरीने पाडा. प्रत्येक चौकोनाला क्रमांक. लोक पाच मीटरवर एका ओळीत उभे राहतात आणि जमिनीकडे बघत चालतात. पहिल्या फेरीत काहीही उचलायचं नाही, फक्त सापडलं तिथे काडी रोवायची. हे त्यांना जड जातं. पण रान ओलांडून मागे वळून बघितलं की काड्या एका बाजूला दाट आणि एका बाजूला विरळ दिसतात, आणि वस्ती कुठे होती ते कुणी न सांगता समजतं. त्या क्षणी गप्प राहायचं. व्याख्यान द्यायची मला फार हौस होती. आता तोंडावर हात ठेवते.

दुसऱ्या फेरीत मोजणी. काठ, बूड, तोटी, नक्षीचा तुकडा वेगळा मोजायचा. बाकी अंगाचे तुकडे नुसते आकड्याने. फोटोत दहा सेंटिमीटरची छापील पट्टी आणि उत्तरेचा बाण. पट्टीऐवजी नाणं ठेवू नका. नाण्यांचे आकार बदलत असतात, वीस वर्षांनी कोण लक्षात ठेवणार. फोनचं जीपीएस चार-पाच मीटर इकडेतिकडे दाखवतं, म्हणून एखाद्या विहिरीपासून किंवा बांधाच्या कोपऱ्यापासून टेपने अंतर घ्या. तक्ता मराठीत छापा: तारीख, गट नंबर, चौकोन, रानाची स्थिती, ऊन तिरपं की डोक्यावर, कुणी मोजलं. उन्हाचा रकाना लोक गाळतात. तिरप्या उन्हात दुप्पट खापरं दिसतात, म्हणून तो हवाच.

कामं माणूस बघून वाटा. निवृत्त सिव्हिल इंजिनिअर काकांना दोरी आणि टेप द्या, रेषा काटकोनात येईल. आयटीवाल्यांना नकाशा. गुडघे दुखणाऱ्या मावशींना सावलीत वही. आमच्याकडे कोथरूडहून येणाऱ्या एक भरतकाम करणाऱ्या काकू आहेत. फुटलेल्या कडा जुळवण्यात त्यांचा हात धरणारा माझ्या एम.ए.च्या वर्गात कुणी नव्हता.

गाव जमत नसेल तर शहर आहे. राष्ट्रकूटांच्या इ.स. ७५८ आणि ७६८ च्या ताम्रपटांत पुण्य आणि पूनक ही नावं येतात. म्हणजे कसब्याच्या मातीला बाराशे वर्षांहून जास्त जुनी ओळख आहे. वाडा पाडून पाया खणतात तेव्हा बिल्डरच्या परवानगीने, हेल्मेट घालून, खड्ड्याच्या भिंतीचा छेद बघता येतो. पेशव्यांनी कात्रजहून शहरात पाणी आणलं, त्या नळाचे उच्छ्वास (हवा बाहेर पडायला बांधलेले मनोरे) आणि हौद शोधून नकाशावर मांडणं हे कॉलेजच्या मुलांसाठी उत्तम काम आहे. एकाच शनिवारात करता येतं आणि कुठलाही परवाना लागत नाही.

चिठ्ठी

परवानगी असलेल्या आमच्या एका पाहणीत चौदा पिशव्या भरल्या होत्या. प्रत्येकीत कागदाची चिठ्ठी, जेल पेनने सुंदर अक्षरात. खापरं दवाने ओलसर. पुण्यात येऊन पिशव्या उघडल्या तर पाच चिठ्ठ्यांवर निळा ढग. कुठल्या चौकोनातल्या ते गेलं. खापरं अजून आहेत, पण पत्ता हरवलेल्या पत्रांसारखी. आता ती शिकवायच्या डब्यात असतात. तेव्हापासून प्रत्येक पिशवीत शिसपेन्सिलीने लिहिलेली एक चिठ्ठी छोट्या बंद पाकिटात, बाहेर मार्करने दुसरी, आणि तिसरी नोंद रजिस्टरात. तिन्ही वेगवेगळ्या माणसांनी लिहायच्या.

धुणं साधं: बादली, मऊ टूथब्रश, आधी फुटलेल्या कडा. नक्षीवर घासायचं नाही. आतून काजळी किंवा करपलेलं काही चिकटलं असेल तर ते खापर न धुता वेगळं ठेवा. कुणाला तरी त्यातून काय शिजत होतं ते काढता येईल. सावलीत वाळवा. शाईने क्रमांक टाकण्याआधी खालच्या कोपऱ्यात पारदर्शक नेलपॉलिशचा पातळ हात द्या. काही पुरातत्त्वज्ञ नेलपॉलिशला नाक मुरडतात आणि पॅरालॉइड या संग्रहालयांत वापरल्या जाणाऱ्या लेपाचा आग्रह धरतात. त्यांचं बरोबर आहे, परवडत असेल तर तेच वापरा.

इतकी कटकट कशासाठी, असं दर वेळी कुणीतरी विचारतं. मी इनामगाव सांगते. शिरूर तालुक्यातल्या त्या टेकाडावर डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ असं उत्खनन केलं. शंभरावर घरं मिळाली. घरांच्या जमिनीखाली लहान मुलं पुरलेली, दोन रांजण तोंडाला तोंड लावून आडवे ठेवलेले, आत मूल. मोठी माणसं पावलं घोट्याखाली तोडून पुरलेली. घाईने घमेली भरली असती तर हाती फुटके रांजण आणि हाडांचा ढीग आला असता, आणि ते मूल घराच्या आत होतं ही गोष्ट कायमची गेली असती. यावर सहसा कुणी पुढे विचारत नाही.

पैसे

पोट भरतं का? एका ठिकाणाहून नाही. पहिली तीन-चार वर्षं जुळवाजुळव करत काढावी लागतात: विद्यापीठाच्या प्रकल्पात साहाय्यक, संग्रहालयाच्या शाळा-कार्यक्रमात मानधन, शनिवारचे हेरिटेज वॉक, कंपन्यांच्या सीएसआरमधून गावातल्या शाळेसाठी एखादा उपक्रम. स्थिर नोकरी हवी असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या अधिकारी पदांची भरती लोकसेवा आयोगामार्फत होते, राज्याचं पुरातत्त्व संचालनालय आहे, आणि नेट झालं तर अध्यापन. या परीक्षा देत असताना लोकांबरोबरचं काम चालू ठेवा.

बायोडेटापेक्षा एक फाइल महत्त्वाची: तुम्ही चालवलेल्या प्रत्येक दिवसाचा दोन पानी अहवाल, नकाशा, तक्त्याची प्रत, काढलेली खापरांची चित्रं, काय चुकलं त्याची ओळ. मला मिळालेलं पहिलं पगारी काम या फाइलमधल्या निळ्या ढगाच्या पानामुळे मिळालं. मुलाखत घेणाऱ्या बाईंनी ते पान वाचलं आणि त्यांच्या स्वतःच्या हरवलेल्या चिठ्ठ्यांची गोष्ट सांगायला लागल्या.

स्वयंसेवकांना फुकट राबवून स्वतःचा शोधनिबंध छापणारे लोक आहेत. तसं करू नका. अहवालात मोजणाऱ्या प्रत्येकाचं नाव, त्यांना विचारून. आणि स्वतःही कायम फुकट काम करू नका. जेवण-प्रवास तरी मागून घ्या, नाहीतर हे काम फक्त सुखवस्तू घरातल्या मुलांचं राहील.

परत जाणं

पाहणी संपल्यावर सहा महिन्यांच्या आत गावात परत जायचं. अहवालाची मराठी प्रत ग्रामपंचायतीला, एक शाळेला, एक शेतमालकाला. शाळेत खापरांचा डबा न्या, मुलांना टिचक्या मारू द्या. फोटो मोबाइलवर पाठवून भागवू नका, छापून न्या. आम्ही म्हसोबाचा मोठा रंगीत फोटो लॅमिनेट करून नेला होता, खाली दोन ओळींत वीरगळ म्हणजे काय ते. आजींनी तो देवळीत, दगडाच्या शेजारीच ठेवला, त्याला हळद-कुंकू लावलं आणि विचारलं, "वरच्या खणातली बाई कोण म्हणालीस?"